पुण्याहून परत येणाऱ्या चाळीस बॅगा

पुण्याच्या दुकानदार बाईंचा फोन आला तेव्हा मी नंदुरबारला आमच्या कामाच्या भाड्याच्या खोलीत बॅगेचा पट्टा शिवत होते. नमस्कार-चमत्कार काही नाही. "अहो, तुम्ही चामड्याला लावता तरी काय?" त्यांनी थेट विचारलं. एका गिऱ्हाइकाची चार वर्षांची मुलगी गाडीत आईच्या बॅगेवर गाल टेकून झोपली होती. उठली ती रडतच. गाल लालबुंद, आणि गालावर फिरवलेल्या हातानं डोळा चोळला तर डोळाही सुजला. डॉक्टर म्हणाले, कसलं तरी केमिकल असेल. बाईंनी आमच्या चाळीसच्या चाळीस बॅगा दुकानातून काढून ठेवल्या होत्या. आठ दिवसांत कारण कळवा, नाहीतर सगळा माल परत.

मी फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. एका लेकराचा गाल माझ्या बॅगेनं भाजला, हे काही केल्या डोक्यात शिरेना.

धंदा आमचा एवढासा. वडील घोड्यांचे लगाम आणि खोगिरं करायचे, त्यांचा माल सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जायचा. उरलेल्या चामड्यातून मी एक पर्स शिवली, ती मैत्रिणीनं मागून नेली, मग तिच्या शाळेतल्या बाईंना तशीच हवी झाली. फोनवर फोटो टाकत गेले तशी शहाद्याहून, नाशिकहून मागणी आली. एका मशीनच्या तीन झाल्या, गल्लीतल्या दोघीजणी शिवायला येऊ लागल्या, ओट्यावरचं काम खोलीत गेलं. पुण्याचं दुकान टिकलं तर वर्षभराचं काम मिळणार होतं, आणि आईला मिरचीच्या पथारीवरून कायमचं घरी आणता येणार होतं. गावाबाहेरच्या त्या उघड्या मैदानात ती तीस वर्षं वाळत्या मिरच्यांचे देठ खुडतेय. मला या धंद्याकडून दुसरं काही नकोच होतं.

मी आधी भांडले. स्वभावच तसा, चूक आपलीही असू शकते हे मला सगळ्यात शेवटी सुचतं. मालेगावच्या ज्या चाचांकडून चामडं घेतो त्यांना फोन करून तोंडाला येईल ते बोलले. मग एक बॅग स्वतःच्या गालाला लावून बसले. काही झालं नाही. शिवणाऱ्या दोघींनी लावली, वडिलांनी लावली.

"काहीज व्हत नही," वडील म्हणाले. "पुन्याना लोके नाजूक शेतस."

मलाही ते पटलं, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी चाचा स्वतः आले, तेही तणतणत. बॅग उलटीपालटी केली, बोटांनी दाबली, चोळली, वास घेतला, आणि घाम पुसायला तोच हात डोळ्याला लावला. पुढची दहा मिनिटं ते नळाखाली होते.

"बेटी," टॉवेलाआडून ते म्हणाले, "ये चमडा नहीं, मिरची है."

आम्हाला हसू आलं. हंगामात आमच्या गावाच्या हवेतच मिरची असते. आम्हाला ना ठसका लागतो ना शिंक येते. तरी खोली झाडली, माळा पाहिला. शेवटी चाचांनी मेणाच्या डब्यात बोट बुडवलं आणि मनगटाच्या आतल्या बाजूला लावलं. बघता बघता तिथे लाल चट्टा उठला, आणि आमचं हसू बंद झालं.

तयार बॅगेला आम्ही शेवटी मेण आणि तेल चोळतो, तेही फडक्यानं नाही, उघड्या तळहातानं. हाताच्या उबेनंच मेण चामड्यात जिरतं, ही वडिलांची लगामांपासूनची रीत. आणि हे काम दुपारी पथारीवरून आल्यावर आई करायची. हात साबणानं घासून धुवायची, पण मिरची काय साबणाला दाद देते? सकाळभर देठ खुडलेली बोटं रोज त्या डब्यात जात होती.

मी हबकलेच. आई कुठून येते, तिच्या हातांना काय लागलेलं असतं, हे मला माहीत नव्हतं थोडंच? सगळं रोज डोळ्यांसमोर चाललं होतं. ते हात कुणाला झोंबतील, एवढंच आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

पुण्याला फोन करून होतं ते सांगून टाकलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "या बॅगा परत न्या, नव्या करून पाठवा. पण आधी त्या लेकराच्या आईशी तुम्ही स्वतः बोला." बोलले, माफी मागितली. मुलगी बरी होती. दुकान वाचलं होतं.

घरी आले ती आनंदातच. आईला सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "माय, सकायपाईन मिरची बंद. मेण मी चोळसू, तू आराम कर."

"त्या पोरले आते बरं शे ना?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तू धाकली व्हती तव्हय भी मिरचीना दिनमा मी तुले हात लावा नही. फुई तुले आंघोय घाले, फुई तेल लावे. मी दूरथीन देखू." मग म्हणाली, "माले वाटनं, चामडाले काय व्हस? तुन्हा बॅगासले तरी मन्हा हात लागतीन."

जन्मभर मी लोकांना सांगत आले होते की माझे लाड केले ते फुईनं, माझ्या आत्यानं; आमच्या आईला लाड करणं जमत नाही. आता तिच्यासमोर उभी होते, आणि मेण मी चोळेन हे मला पुन्हा म्हणवेना.