हॅलबर्डची अक्षरं बसवणारा

कॅझ डुडेकचा दिवस पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी सुरू व्हायचा. पाळी सहाची आणि कारखाना घरापासून बारा मिनिटांवर, तरी हा गडी साडेपाचला जागेवर हजर. भोंगा होण्याआधी तो गाड्यांवर लावायच्या अक्षरांच्या पेट्या उघडायचा आणि वाकड्या खिळ्यांची अक्षरं निवडून बाजूला ठेवायचा. युनियनचा माणूस येऊन बजावायचा की बिनपगारी काम केलं की बाकीच्यांचं नुकसान होतं. कॅझ सांगायचा, मी काम करत नाही, नुसता बघतोय. नुसतं बघण्याचा पगार साहेबांना मिळतो, असं म्हणत तो माणूस पुढे जायचा.

मिशिगनमधलं लॉरिस्टन हे गाव गाड्यांवरच जगत होतं. कंपनी तीन नावांनी गाड्या काढायची. बार्लो स्वस्त, मॉन्टेग्यू महाग आणि दोन्हींच्या मधली हॅलबर्ड. डबा घेऊन कामावर जाणाऱ्याने बार्लो घ्यायची. ज्याचं जेवण दुसरं कोणी टेबलावर आणून ठेवतं, त्याने मॉन्टेग्यू. हॅलबर्ड होती ती डबा चामडी बॅगेत लपवून नेणाऱ्यासाठी. अशी माणसं देशात रग्गड होती, त्यामुळे हॅलबर्डचं उत्तम चाललं होतं. ज्याच्या हुद्द्याच्या आधी 'उप' किंवा 'सहाय्यक' लागायचं, तो प्रत्येक जण हॅलबर्डमधून हिंडायचा.

कॅझ १९५७ सालच्या मार्चमध्ये तिथे लागला. त्याचं काम गाडीच्या मागच्या झाकणावर नाव बसवण्याचं. इंग्रजीत त्या नावाची सात अक्षरं, प्रत्येक अक्षरामागे दोन खिळे, झाकणाला चौदा भोकं. एका गाडीला बासष्ट सेकंद. अक्षर अंगठ्यानेच दाबायचं. मुठीने दाबलं तर वरचा मुलामा तडकतो. सातही अक्षरं बसली की त्यांच्या तळाशी नख फिरवायचं. नख कुठे अडकलं तर ते अक्षर उपटून पुन्हा. पाळीला साडेचारशे गाड्या, म्हणजे तीन हजारांवर अक्षरं. रविवारी चर्चला जाताना शर्टाच्या गुंड्या लावायला त्याचे अंगठे वळायचे नाहीत, त्या लॉटी लावून द्यायची. लॉटी त्याची बायको.

कारखान्यात एक रिवाज होता. कामगार रोज मागच्या फाटकातून ये-जा करायचे. पुढचं फाटक साहेबांचं. पण ज्याची तीस वर्षं भरली, तो शेवटच्या दिवशी सवलतीत घेतलेली कोरी गाडी पुढच्या फाटकातून बाहेर काढायचा आणि दोन्ही बाजूंना उभे राहिलेले सोबती हातातले लोखंडी पाने आपटून आवाज करायचे. बहुतेकांची ती गाडी बार्लो असायची. कॅझने पहिल्याच वर्षी ठरवलं होतं की आपली हॅलबर्ड असेल, तीही 'क्राउन', वरच्या दर्जाची. एवढ्या एका गोष्टीसाठी त्याने शिकार सोडली. नोव्हेंबरात हरणांचा मोसम सुरू झाला की अर्धा कारखाना रजा टाकून उत्तरेच्या जंगलात जायचा. कॅझ तेव्हा दुप्पट पगारावर जादा पाळ्या करायचा.

लॉटीचा भाऊ नेल्स लिंडक्विस्ट पाव पोचवण्याच्या धंद्यात होता आणि आयुष्यभर बार्लो चालवत आला होता. दर रविवारी जेवणानंतर तो एकच प्रश्न विचारायचा: तुझ्या गाडीत असं काय आहे, जे माझ्या गाडीत नाही? सुरुवातीला कॅझपाशी उत्तरं होती. इंजिन वेगळं. सांगाडा चार इंच लांब. गालिच्याखाली लोकरीचा जाड नमदा, त्यामुळे रस्त्याचा आवाज आत येत नाही. नेल्स ऐकून घ्यायचा आणि आणखी एक बटाटा वाढून घ्यायचा.

पुढे उत्तरं कमी होत गेली. १९७१ला इंजिन एकच झालं. १९७५ला सांगाडा एकच झाला. १९७९ला दोन्ही गाड्या एकाच पट्ट्यावरून येऊ लागल्या, एक बार्लो, एक हॅलबर्ड, मग दोन बार्लो. उरले पुढची जाळी, दिवे आणि नमदा. जाहिरातीत मात्र हॅलबर्डमध्ये बसलेला माणूस पूर्वीपेक्षा जास्त रुबाबात बसू लागला.

"माझीच गाडी आहे ती," नेल्स म्हणाला. "टाय बांधलाय, एवढंच."

"टाय बांधायला शिकावं लागतं," कॅझ म्हणाला. पण त्या रविवारी तो जेवणावरून लवकर उठला.

अक्षरंही बदलली होती. खिळे गेले, भोकं गेली. आता दोन्ही गाड्यांची नावं कॅझच लावायचा, सगळं नाव एका पट्टीवर, पाठीमागे डिंक. कागद सोलायचा, पट्टी टेकवायची, रूळ फिरवायचा. भोकं होती तोवर चूक करणं शक्यच नव्हतं. बार्लोची अक्षरं सहा, चौदा भोकांत ती बसलीच नसती. डिंकाला काय, तो कुठेही चिकटतो. त्यातच हातात घड्याळ घेतलेला एक तरुण दोन दिवस कॅझच्या मागे उभा राहिला. त्याने अहवाल दिला की हा कामगार आधी गाडी बघतो, मग चिठ्ठी वाचतो, मग पट्टी लावतो. गाडी बघण्यात दोन सेकंद वाया जातात. तेव्हापासून कॅझने गाडी बघायची नाही, फक्त चिठ्ठी वाचायची, असा लेखी हुकूम निघाला.

कोणत्या गाडीला कोणतं नाव ते सांगणाऱ्या या चिठ्ठ्या बर्निस टूमा झाकणांवर लावायची. बाई चोख होती. पण १९८४च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो मंगळवार आला, ज्याच्या दुसऱ्या दिवसापासून ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास लागतो. त्या दिवशी लॉरिस्टनमधली झाडून सगळी पोलिश घरं पाँचकी तळतात, आत मुरांबा भरलेले आणि मुठीएवढे गोळे. कारखान्यात पोलिश नसलेलेही त्या दिवशी पोलिश होतात. बर्निसने सकाळपासून चार खाल्ले होते. पाचवा खाताना आलुबुखारचा मुरांबा चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर पडला आणि दोन चिठ्ठ्या एकमेकींना चिकटल्या. त्या जोडीने एकाच गाडीवर लागल्या. तिथून पुढे प्रत्येक गाडीला तिच्या मागच्या गाडीची चिठ्ठी मिळत गेली.

कॅझने हुकमाप्रमाणे चिठ्ठ्या वाचल्या. पुढची तपासणी करणारा फक्त पुढची जाळी बघत होता, मागची करणारा फक्त पट्टी आणि चिठ्ठी जुळते का ते. दोघांनीही आपापलं काम बरोबर केलं. पाळी सुटल्यावर कॅझ आवारातून चालला होता, तेव्हा त्याला बार्लोची जाळी दिसली आणि त्याच गाडीच्या पाठीवर हॅलबर्ड. पुढच्या गाडीचं उलटं. तो मागे फिरला आणि थंडीत तासभर रांगांमधून हिंडला. एक खेप तर आगगाडीवर चढून गेलीसुद्धा होती.

फोरमन डुएन हिक्सने त्याचं म्हणणं ऐकून घेतलं आणि खोलीचं दार लावलं.

"कॅझ, किती वर्षं झाली तुला?"

"पुढच्या आठवड्यात सत्तावीस."

"मग तीन वर्षं तोंड मीट. गेलेल्या गाड्या गेल्या. तुला हाकललं तर पेन्शन निम्मी, आणि पुढचं फाटक विसर."

"काम वाकडं झालंय, डुएन."

"कोणाला दिसलंय का?"

"मला दिसलंय."

डुएन म्हणाला की तुझ्यासारख्या माणसांमुळेच फोरमनला पोटाचे विकार होतात. कॅझने लेखी कळवलं. त्यात मुरांब्याचा उल्लेख केला नाही. लिहिलं, पट्ट्या मी लावल्या, गाडीकडे मी बघितलं नाही.

मुख्य कचेरीचं पत्र आलं की चौकशी होईपर्यंत काम चालू ठेवावं. चुकीच्या नावाने आगगाडीवरून गेलेल्या त्र्याऐंशी गाड्यांचा माग काढायचा होता. तीन महिने कॅझ रोज साडेपाचला जाऊन पेट्या बघत राहिला. लॉटीने त्याला एकदाही बोल लावला नाही, पण त्याच्यापुढे पानकोबीचं सूप ठेवताना ती पूर्वीपेक्षा जास्त पाण्याचं करू लागली. हिशेबी बाई होती.

जूनमध्ये टाय लावलेले तीन साहेब आले. कॅझला वर बोलावलं. तो धुतलेला शर्ट घालून गेला. गुंड्या आता त्याच्या त्यालाच लागत होत्या, पट्टीच्या कामात अंगठे दुखतात कुठे. टेबलावर कॉफी होती आणि साहेब खुशीत होते.

त्यांनी जे सांगितलं ते असं. त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी गाड्या विकल्या गेल्या होत्या. ज्यांनी हॅलबर्ड नावाची बार्लो जास्त पैसे देऊन घेतली होती, त्यांतल्या एकानेही तक्रार केली नव्हती. उलट तिघांनी कंपनीला कौतुकाची पत्रं लिहिली होती, की गाडी अगदी शांत चालते, जाड नमद्याचा फरक जाणवतो. त्या गाड्यांत जाड नमदा नव्हताच. बार्लो नावाची हॅलबर्ड घेणाऱ्यांपैकी दोघांची तक्रार मात्र होती: आवाज फार येतो, शेजाऱ्याच्या हॅलबर्डमध्ये येत नाही.

"मिस्टर डुडेक," मधले साहेब म्हणाले, "आम्ही असा प्रयोग करायचा म्हटलं असता, तर दोन वर्षं आणि एक अख्खं खातं लागलं असतं."

कंपनीत एक सूचनापेटी होती. खर्च वाचवणारी सूचना करणाऱ्या कामगाराला बक्षीस मिळायचं. कॅझचं कबुलीपत्र सूचना म्हणून दाखल करून घेण्यात आलं. वेगळी जाळी, वेगळे दिवे आणि जाड नमदा बंद केल्याने होणारी बचत त्याच्या नावे मांडली गेली. त्याला चेक मिळाला आणि लाकडी चौकटीतलं प्रशस्तिपत्र. फोटो काढताना साहेबांनी त्याला हसायला सांगितलं. त्याला ते जमलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच थोडं जास्त हसून घेतलं.

१९८५ची हॅलबर्ड म्हणजे सात अक्षरं आणि जादा किंमत. लोकांना ते लगेच कळलं नाही. साधारण अठरा महिने लागले. मग वाहतूक दिव्यापाशी एक हॅलबर्डवाला शेजारच्या बार्लोकडे बघायचा, बार्लोवाला त्याच्याकडे बघून हसायचा, आणि पुढची गाडी घेताना हॅलबर्डवाला एक तर बार्लो घ्यायचा, नाही तर थेट जपानी. लॉरिस्टनमध्ये जपानी गाडी युनियनच्या आवारात लावली तर चारही टायर सपाट मिळायचे. पण देश लॉरिस्टनपेक्षा मोठा होता. कंपनीने खप वाढवायला जाहिरातीवरचा खर्च दुप्पट केला. जाहिरातीतला रुबाबदार माणूस आता घोड्यावरही बसायला लागला. १९८६च्या डिसेंबरात जाहीर झालं की हॅलबर्ड हे नाव सन्मानाने निवृत्त करण्यात येत आहे. कॅझची तीस वर्षं भरायला तीन महिने उरले होते.

ते तीन महिने त्याने बार्लोच्या पट्ट्या लावल्या. शेवटच्या हॅलबर्ड गाड्या गावातल्या शोरूममध्ये उभ्या होत्या, त्यांत एक क्राउनही होती, गडद निळी. एका शनिवारी तो लॉटीला घेऊन ती बघायला गेला. तिच्या माहेरच्यांना न सांगता. घरातून निघताना लॉटी एवढंच म्हणाली होती की माडीवर तीन ठिकाणी बादल्या ठेवाव्या लागतात, छप्पर यंदाचा बर्फ काढेल की नाही सांगता येत नाही. पण तीस वर्षं तू राबलास, मी बादल्या उचलेन.

विक्रेता जेमतेम पंचविशीतला होता. त्याने सुरुवात केली की ही गाडी सर्वांसाठी नाही. कॅझने दार उघडलं, गुडघ्यावर बसून फरशीवरचा गालिचा उचलला आणि खाली चिमटीत धरून पाहिलं. मग पलीकडे उभ्या असलेल्या बार्लोचा गालिचा उचलला. खाली तेच, पुठ्ठ्याएवढं. मग तो उठला. गुडघे कुरकुरले.

"या गाडीचा दर्जाच निराळा आहे, साहेब," पोरगा म्हणाला. "तुम्ही बसून तर बघा."

"दर्जा मीच चिकटवलाय तो," कॅझ म्हणाला. "मागच्या बाजूला. रूळ फिरवून."

परत येताना घराच्या वळणावर लॉटीने विचारलं की मग फाटकातून कशात बसून निघणार? कॅझ म्हणाला की पायी. आणि मार्चच्या तेरा तारखेला, शुक्रवारी, तो खरोखरच पुढच्या फाटकातून पायी बाहेर पडला, हातात डबा घेऊन. सोबती पाने घेऊन उभे होते. गाडी नाही म्हटल्यावर आवाज करावा की करू नये हे त्यांना कळेना. शेवटी बर्निसने पाना आपटला, मग बाकीच्यांनी. रस्त्यापलीकडे नेल्स आपली बार्लो घेऊन थांबला होता. त्याने आतून दार उघडलं आणि पूर्ण बारा मिनिटांच्या वाटेत एक अक्षर काढलं नाही. त्याच्या आयुष्यातला तो एकमेव सभ्यपणा असेल, पण वेळेवर केला.

बर्फ वितळल्यावर कॅझ छपराच्या तक्त्यांच्या वखारीत गेला. तिथेही माल तीन दरांचा होता: साधा, मधला आणि उंची. दुकानदाराने मधल्याची शिफारस केली, तुमच्यासारखी जाणती माणसं हाच नेतात म्हणाला. कॅझने साध्याचा एक आणि मधल्याचा एक असे दोन गठ्ठे मोटारीतून घरी आणले आणि न्हाणीघरातला वजनकाटा उचलून अंगणात ठेवला. एकेक गठ्ठा छातीशी धरून तो काट्यावर उभा राहिला, आणि आकडा लॉटीने वाकून वाचला. मधला गठ्ठा अकरा पौंडांनी जड निघाला. त्याने खात्रीसाठी दोन्ही गठ्ठे पुन्हा एकदा तोलले. मग जाऊन मधल्याचे बासष्ट गठ्ठे आणले, पैसे रोख दिले, आणि एकेक करून शिडीने स्वतः वर चढवले.