गन विलासकडे, पंप माझ्याकडे

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. टाकीवरच्या रंगासारखे ते साचतात. जुना खरवडायच्या आत नवा कोट चढतो. माझे बहुतेक कोट विलासचे आहेत, त्याला माझा इलाज नाही.

आमचं काम म्हणजे डोंबिवली एमआयडीसीतल्या टाक्यांवरचा जुना रंग पाण्याच्या माऱ्याने उडवणं. पाणी एवढ्या जोरात सुटतं की मध्ये बूट आला तर बूट कापला जाईल. एकाच्या हातात गन, दुसरा पंपावर. टाकी संपत आली की तळहाताएवढा रंग मुद्दाम ठेवायचा आणि सगळ्यांना बोलवायचं. गनवाला तो उडवतो, मग साहेब नारळ फोडतात. तो शेवटचा तुकडा एकदा तरी मला मिळावा, एवढंच माझं म्हणणं. चार वर्षं झाली, मी पंपावरच आहे.

*

ट्रेनिंगला गन आधी मलाच दिलेली. बावीस वर्षं रंगकाम केलेला माणूस मी! ट्रिगर दाबला आणि धक्क्याने थेट चिखलात बसलो. मग कोपर गावचा विलास उठला. जागचा हलला नाही, आणि पाच मिनिटांत पत्रा उघडा पडला.

मला हात देऊन उठवत म्हणाला, "काय नाय परबदादा, आंग जरा ढिला सोराचा."

सल्ला बरोबर होता, म्हणून जास्त लागला.

*

कंपनीच्या माहितीपत्रकासाठी फोटो काढला. पाण्याच्या तुषारांत इंद्रधनुष्य आणि त्यात विलास. मी तो टिटवाळ्याला घरी नेऊन बायकोला दाखवला.

"हा कोण हो? रुबाबदार आहे."

"विलास."

"आणि तुम्ही?"

मी कोपऱ्यात बोट ठेवलं. "हा बूट माझा."

तिने फोटो फ्रिजवर लावला. बूट मॅग्नेटखाली गेला.

*

घोडबंदर रोडच्या एका टॉवरवर पाइपांचं काम होतं. सकाळपासून जो तो विलासचं कौतुक करत होता. माझं डोकं फिरलं. कबूल करतो, मी प्रेशर हळूच उतरवलं.

रंग निघेना. साहेब बघायला आले आणि नेमके माझ्या पंपाशेजारी उभे राहिले. विलासने थोडा विचार केला. "साहेब, नोझल झिजलाय वाटतं."

त्याने नवीन नोझल बसवलं. साहेब शेजारीच, मग मला प्रेशर चढवावंच लागलं. रंग भराभर सुटला.

साहेब म्हणाले, "परब, शिका जरा. याला नुसत्या आवाजावरून कळतं."

*

गेल्या महिन्यात एमआयडीसीतलीच एक जुनी टाकी आली. एरवी दिवसात टाकी उरकणारा विलास दुपारपर्यंत पलंगाएवढीही जागा मोकळी करू शकला नाही. प्रेशर पूर्ण होतं, शपथेवर सांगतो.

"कोनी लावलाय रं हा रंग?" तो घाम पुसत म्हणाला.

मला शिडीमागचा वेल्डिंगचा जोड बघूनच कळलेलं. बारा वर्षांपूर्वी, भर मे महिन्यात, मीच लावलेला. ब्रशने, तीन हात. मी तीन दिवस मजेत डबा खाल्ला.

तिसऱ्या दिवशी शिडीमागचा शेवटचा तुकडा राहिला. सगळे जमले. साहेबांनी तोवर टाकीची जुनी फाइल मागवलेली. त्यांनी कामगाराचं नाव मोठ्याने वाचलं.

विलास माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने गन माझ्या हातात दिली. "दादा, हा तुमचा. तुमीच काढा." आणि तो पंपावर गेला.

मी पाय रोवले, अंग ढिलं सोडलं. या वेळी चिखलात बसलो नाही. पाणी सुटलं, तुकड्याची कड उचलली गेली. बाजूला बघितलं तर साहेब नारळ घेऊन तयार. हा तुकडा गेला की त्या टाकीवर माझ्या हातचं काहीच उरणार नव्हतं. मी ट्रिगर सोडला.

"काय झाला दादा?" विलासने पंपावरून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "नोझल झिजलंय वाटतं."