देव्हाऱ्याचा प्लग

विरारला फुलपाड्यातल्या एका लहान रुग्णालयाचं कार्यालय मी सांभाळत होतो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा अर्धवट सोडलेला. पण वासरात लंगडी गाय शहाणी, म्हणून इन्व्हर्टरपासून एक्स-रेपर्यंत सगळ्याला मलाच हाक मारत. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. डॉक्टरांनी आयसीयूतल्या चारही खाटांचे मॉनिटर केबलने काउंटरवरच्या कॉम्प्युटरला जोडून घेतले. नाडीचे आकडे बसल्या जागी दिसू लागले आणि दोन सिस्टरांच्या जागी एक पुरू लागली.

लोडशेडिंग रोजचंच. दुपारी वीज गेली की बाहेरच्या देव्हाऱ्यातला विजेचा दिवा विझायचा. आत आपलं माणूस अत्यवस्थ आणि बाहेर देवापुढे अंधार, हे नातेवाइकांना बघवत नसे. तक्रारी यायच्या. इन्व्हर्टरच्या बोर्डावर जागा रिकामी नव्हती, पण त्यातला एकच प्लग मला बिनमहत्त्वाचा वाटला. भिंतीवरच्या लहान डबीचा. मॉनिटरच्या सगळ्या केबली तिच्यात येऊन मिळत आणि तिथून एक कॉम्प्युटरकडे जाई. ती डबी मी साध्या लाइनवर टाकली आणि दिवा इन्व्हर्टरवर घेतला. कुणाला विचारलं नाही. उलट स्वतःवर खूशच होतो.

चार दिवसांनी दुपारी वीज गेली. सिस्टर जेवायला गेली होती, म्हणून काउंटरवर मी बसलो होतो. आयसीयूच्या काचेच्या दारातून राजोडीची एक म्हातारी बाहेर आली. तिचा नवरा तीन नंबरच्या खाटेवर होता, हृदयाचा झटका येऊन गेलेला.

"भाऊ, मशीन कवाचं वाजतंय. कोनी येनार का नाय?"

मी कॉम्प्युटरकडे बोट केलं. तीन नंबर, नाडी अठ्ठ्याहत्तर. "आजी, सगळं ठीक आहे. बसा तुम्ही."

"टीवीत काय बगतोस? मानसाकडं बग!" ती ओरडली.

उठलो तो तिला गप्प करायला. दार उघडलं तर खाटेजवळचा मॉनिटर स्वतःच्या बॅटरीवर कोकलत होता आणि म्हातारा निळा पडला होता. माझ्या हाका ऐकून डॉक्टर धावत आले. छाती दाबली, शॉक दिला, आणि म्हातारा परतला. काउंटरवर तेव्हाही अठ्ठ्याहत्तरच. वीज गेल्याबरोबर डबी बंद पडली होती आणि शेवटचा आकडा तिथेच गोठला होता. कोपऱ्यात जोडणी तुटल्याची बारीक इंग्रजी ओळ होती, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली.

डॉक्टरांना मी खरं सांगितलं. "देव तारी त्याला कोण मारी," ते म्हणाले. "प्लग जागेवर लाव आणि गप्प बस." सिस्टर पुन्हा दोन झाल्या. दर अर्ध्या तासाला रोग्याचं मनगट धरून नाडी मोजायची, असं ठरलं. मला लाज वाटत होती. त्याहून जास्त भीती वाटत होती, म्हातारीला कळेल याची.

नवऱ्याला घरी न्यायच्या दिवशी ती काउंटरवर आली. पिशवीतून सुक्या बोंबलांची पुडी काढून तिने माझ्यापुढे ठेवली.

"त्या दिशी तुमच्यावर वरडले, भाऊ. राग नका मानू."

"नाही हो आजी," मी म्हणालो, आणि पुडी घेतली.