झटकेमास्तरचं दुकान

आयुष्यभर छतं रंगवून रंगाऱ्याची मान पार आखडली होती. उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, तसा तो चौकातल्या झटकेमास्तरकडे गेला. मास्तर हाडं बसवायचा; निदान त्याचं स्वतःचं म्हणणं तसं होतं.

"अंग सैल सोडा दादा," म्हणत मास्तरनं हनुवटी धरून मान अशी पिरगाळली, की रंगाऱ्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. खांद्यापासून बोटांपर्यंत कळ गेली. दुसऱ्या दिवशी हातातून ब्रश गळून पडायला लागला.

तो जाब विचारायला गेला, तर मास्तर गिऱ्हाइकांदेखत हसला. "रंगात पाणी घालता, तसं दुखण्यातही घालताय होय?"

ते हसू रंगाऱ्याच्या काळजात रुतलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मानेचे फोटो पाहिले. मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली होती. "बऱ्याच जणांचं गोळ्या आणि व्यायामावर भागतं. काहींना इंजेक्शन देतो. पण तुमच्या हातातला जोर चाललाय. ऑपरेशन करून घ्या."

बायकोचं तोंड उतरलं. रंगारी मात्र म्हणाला, "करा."

ऑपरेशननंतर गळ्यात पट्टा आला आणि हाताच्या व्यायामाला रबरी चेंडू मिळाला. मास्तरचा गळा समजून तो चेंडू असा दाबायचा, की शिकवणारी पोरगी म्हणाली, "काका, जरा दमानं!"

पकड परतली, अंगठा तेवढा बधिर राहिला. डॉक्टरीणबाईंनी गळ्यातला पट्टा काढायला लावला. उगाच घातला तर मानेचे स्नायू ढिले पडतात म्हणाल्या. पण हा रोज सकाळी तो चढवून मास्तरच्या दारासमोरच्या बाकावर जाऊन बसे. आत जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारी. "या, बसा. माझी मान बघा आधी."

लोक बघत, ऐकत आणि घरी परत जात.

शेवटी मास्तर बाहेर आला. "दादा, चुकलं माझं. पोटावर पाय देऊ नका."

"अंग सैल सोडा," रंगारी म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पावसाळा सरेपर्यंत दुकानाला कुलूप लागलं. आपल्याला वाईट वाटेल, असं रंगाऱ्याला वाटलं होतं. कसलं काय! त्या दिवशी तो दोन घास जास्तच जेवला.

मग कुणीतरी सांगितलं, मास्तरनं नदीपलीकडे दुकान थाटलंय.

"आता पुरे हं," बायको म्हणाली. "मानेचं वाटोळं करून घ्याल."

"पट्टा नाही घालणार," तो म्हणाला. "पण तिकडे बस कुठली जाते गं?"