नागपूरला संपणारा भारत

स्टाफरूममध्ये किस्से कुणी जमवत नाही, खडूच्या धुळीसारखे ते आपोआप साचतात. टीव्ही गल्लीत एखाद्याच घरी असायचा, त्या काळात एका वर्षी मात्र आमचे झाडून सगळे किस्से वानखेडे सरांच्या एका कानावर साचले!

वानखेडे सर भूगोलाचे. पुस्तक न बघता फळाभर भारत काढायचे. पण दोन वर्षांपासून खांदा धरला होता, हात कपाळाच्या वर जाईना. कन्याकुमारीपासून सुरू केलेली रेघ मध्येच थांबायची.

"माझा भारत सध्या नागपुरातच संपून राहिला," ते हसून म्हणत.

एप्रिलमध्ये सर रिटायर होणार होते. त्याआधी एकदा पूर्ण देश काढायचा होता. हे सांगताना मात्र ते हसत नसत.

हेडमास्तर म्हणाले, "अहो, लहान काढा ना!"

"देश लहान काढू?"

हेडमास्तरांनी विषय बदलला.

*

सीताबर्डीवर एक डॉक्टर कानात बारीक सुया टोचून जुनी दुखणी बघतात, असं कळलं. सोबतीला मी गेले.

"दुखून राहिला खांदा, अन सुई कानात? काहून?" सरांनी विचारलं.

"पंखा छताले असते, बटन दाराजवळ. तुम्ही पंख्याले दाबता का?"

"मग पंखा फिरन?"

"आराम पडू शकते. गॅरंटी नाही. अन हाताचा व्यायाम सोडायचा नाही."

सरांचा तिथेच विश्वास बसला. गॅरंटी देणारे चार जण त्यांनी आधीच पाहिले होते!

*

त्याच खोलीत भिंतीवर कानाचं मोठं चित्र होतं, जागोजागी ठिपके आणि नावं. सरांनी चष्मा लावून ते बराच वेळ न्याहाळलं.

"नकाशा चांगला आहे डॉक्टर. पण उत्तर दिशा दाखवली नाही!"

*

सुया काढल्यावर डॉक्टर कानाला चिकटपट्टीखाली मोहरीचे दाणे लावून देत. दिवसातून चारदा दाबायचे. सर वर्गातच कान धरून उभे राहिले, तर पोरांनीही घाबरून आपापले कान धरले. तेवढ्यात हेडमास्तर राउंडला!

"पोरांचं समजलं," ते म्हणाले, "पण सर, तुम्ही काय केलं?"

*

सायन्सच्या देशपांडे बाई म्हणायच्या, "हा सगळा मनाचा खेळ!" पण मधल्या सुट्टीत रोज त्याच विचारत, "सर, आज रेघेची गाडी कुठवर?"

दिवाळीनंतर इटारसी आलं. संक्रांतीला भोपाळ. मग झाशीला गाडी जी थांबली, ती महिनाभर हलेना.

"सिग्नलच मिळून नाही राहिला, बाई," सर म्हणाले. त्या दिवशी कुणाला चहा गोड लागला नाही.

*

सरांचा शेवटचा तास. आम्ही सगळे दाराशी उभे. रेघ झाशी ओलांडून गेली. आग्रा. दिल्ली. सर टाचा उंचावून उभे राहिले, देशपांडे बाईंनी माझं मनगट घट्ट धरलेलं. आणि काश्मीरचं टोक पूर्ण झालं! माझे डोळे भरून आले. पोरांनी बाकं बडवली.

घंटा झाली. पुढचा तास गणिताचा. हेडमास्तरांनी चपराशी नत्थूला हाक मारली, "फळा पूस."

वीस वर्षं रोज तोच फळा वरपासून खालपर्यंत पुसणारा नत्थू ओलं फडकं घेऊन आला, फळ्याकडे पाहिलं, आणि फडकं खांद्यावर टाकलं.

"साहेब, तिथवर माझा हात नाही पुरत!"