ठीक आहे, असं मी सांगितलं

"सिस्टर, तुमचा ॲप्रन काढा. एक कमी पडतोय."

साहेबानं हे सगळ्यांसमोर म्हटलं. माह्या गावच्या बाया बाकावर बसून होत्या. मी ॲप्रन काढला अन् एका गोऱ्या पोट्ट्याले दिला. त्यानं घातला, फोटो झाला. फोटोत मी नव्हती. मंग साहेबानं माह्याकडे बोट करून पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं, ही आमची लोकल हेल्पर. अकरा वर्षं झाली मले या दवाखान्यात. नर्सिंगची परीक्षा पास आहो मी. किती बाळंतपणं केली, मोजलीही नाहीत. हेल्पर म्हणे! अन् मी काय केलं, त हसली. त्या हसण्याची लाज मले आजही वाटते.

दवाखाना कळमेश्वरच्या पुढं, एका संस्थेचा. तिचा कारभार पाहणारा साहेब नागपूरहून येते. दरसाल परदेशातले डॉक्टरी शिकणारे पोट्टे-पोट्ट्या तुकडी-तुकडीनं पंधरा-पंधरा दिवस सेवा करायले येतात. गावात ऑटोवर भोंगा फिरते, विदेशातले मोठे डॉक्टर आले म्हणून. भोंगा कमी पडला का काय, मी स्वतः घरोघरी गेली. बाया डोक्यावरून पाणी घेऊन, ठेवणीतली साडी नेसून आल्या.

गेल्या खेपेले पहिल्याच दिवशी सकाळी, तो फोटो झाल्यावर, माही मावशी आली. माय गेल्यावर तिनंच मले वाढवलं. चारा कापता कापता विळा तळहातात घुसला होता, अंगठ्याजवळच्या बोटाच्या खाली. पदर गुंडाळून आली होती.

"तूच टाक ना वं टाके," ती म्हणाली.

"आज मोठे डॉक्टर आहेत मावशे. थांब जराशी."

हे मीच म्हटलं. दुसऱ्या कोणी नाही. तासभर तिले बसवून ठेवलं.

मंग एक पोट्टी बसली टाके टाकायले. वीस-एकवीसची असन. सुई चिमट्यात दोनदा उलटी धरली तिनं. हाताची जखम असली की मी आधी बोट वाकवायले लावते. नाही वाकलं, त बोट ओढणारी आतली नस कापली समजायचं अन् सरळ नागपूरले पाठवायचं. त्या पोट्टीनं बोटाकडे पाहिलंच नाही. बधिर करायचं इंजेक्शन दिलं अन् लगेच टाका घातला. चार-पाच मिनिटं थांबा लागते, मले मालूम होतं. साहेब बाजूले फोनवर. मी मावशीचं मनगट दाबून उभी. सगळं दिसून राह्यलं होतं मले. पण हेल्परनं डॉक्टरले शिकवायचं नसते ना!

"अवं, दुखून राह्यलं वं! थांबव तिले!" मावशी ओरडली.

पोट्टी थांबली. घाबरून मले विचारलं, काय म्हणते ही? खोटं काहून बोलू, ती खरंच विचारत होती. साहेबानं कानाचा फोन न काढता डोळे वटारले.

मी इंग्रजीत सांगितलं, "ती म्हणते, ठीक आहे."

सात टाके. मावशीले इंग्रजी येत नाही, पण तिले समजलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं अन् पडून राह्यली.

दुपारी चहा पिता पिता ती पोट्टी मोठ्या खुशीत म्हणाली, हे माझे पहिले टाके. तिच्या देशात ती रबराच्या कातड्यावर शिकते म्हणे. खऱ्या माणसाले सुई लावायची अजून परवानगी नाही. मले समजावं म्हणून हळूहळू सांगितलं तिनं. समजलं ना! चांगलंच समजलं. तिथं रबर, इथं माही मावशी. मी मोरीत गेली अन् ओकली.

पट्टीखालचं बोट मीही वाकवून पाहिलं नाही. दहा दिवसांनी टाके निघाले, बोट वाकलं नाही. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, नस त्याच दिवशी पाहायले पाहिजे होती. आता मोठं ऑपरेशन, अन् तरी भरवसा नाही. मावशी कापूस वेचते, संत्र्याच्या तोडीले जाते. त्याच हातानं.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी एक पहिलटकरीण आली, सातवा महिना. साहेब म्हणाला, चौघं जण एकेक करून तिले आतून तपासतील. "सिस्टर, सांगा तिला, सगळ्यांचंच असं करतात."

ती टेबलावर पाय आवळून पडली होती. साहेब माह्याकडेच पाहून राह्यला होता. पण या वेळी मी मोठ्यानं बोलली.

"बाई, हे डॉक्टर नाहीत. शिकणारे आहेत. तुह्यावर हात बसवणार आहेत. तुले नको असन, त नाही म्हण. तुही तपासणी मी करते."

"नको वं ताई." ती रडायलेच लागली.

मी वळली अन् इंग्रजीत सांगितलं, "ती नाही म्हणते."

त्या चौघांनी हातमोजे काढले. साहेबाचं तोंड लाल झालं. "सिस्टर, तुमचं कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंतच आहे ना?"

"हो. तोवर जे पेशंट म्हणन, तेच मी सांगीन."

कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही, मले मालूम आहे. घरी दोन लेकरं आहेत, दुसरी नोकरी नाही. जीव घाबरते. अन् एवढं करून मावशीचं बोट काही परत आलं नाही. परवा तिच्याकडे गेली, त भाकर थापून राह्यली होती. चार बोटं थापत होती, एक तसंच ताठ उभं. मी म्हटलं, मावशे, मले मार, शिव्या दे, काही त बोल. तिनं पिठाची परात माह्याकडे सरकवली अन् उठून गेली.

पुढची तुकडी येऊन राह्यली आहे. भोंगा फिरन. मी त्याच्या मागं-मागं घरोघरी जाईन अन् सांगीन, सुई कोणाच्या हातात आहे ते आधी विचारा, मंग हात पुढं करा. दवाखान्यातून काढलं, त फाटकाबाहेर उभी राहून सांगीन. रस्ता कोणाच्या बापाचा नाही.