घळ बोलली की उठायचं

आमच्या खलाशीमामांना होडी लागायची. होडीचं जाऊ द्या, कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसवलं तरी मोशी यायच्या आत माणूस पांढराफटक! तरीही अख्खी प्रेसशॉप त्यांना खलाशी म्हणायची. कारण दर मे महिन्यात हा गृहस्थ सुट्टी टाकून दापोलीच्या खालच्या आपल्या वाडीला जायचा आणि तिथल्या एका खडकावर भर उन्हात गरी टाकून बसायचा. होडी नाही, जाळं नाही. एक तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, टोकाला गरी, गरीला कोळंबी आणि डोक्याला कंपनीचा जुना नॅपकिन. परत आले की तोंड तव्यासारखं काळं, आणि डब्यात काय? तर फणसाची भाजी.

उन्हाळ्यात किनाऱ्यावरून गरवण्यात काही अर्थ आहे का, यावर आमच्या बसमध्ये दरवर्षी भांडण व्हायचं. कासारवाडीला बसमध्ये चढलो की सुरू, ते चाकणच्या गेटपर्यंत. क्वालिटीतला एक अलिबागचा होता, तो म्हणायचा, "पाणी तापलं की मासा खोल जातो राव. काठाला उरतात खेकडे आणि रिकामटेकडी माणसं." मी तर मामांना सोडतच नसे. "मामा, त्यापेक्षा पिंपरीच्या मंडईतनं बर्फातली सुरमई घ्या आणि गच्चीवर उन्हात बसा. ऊनही मिळेल, मासाही मिळेल." मामा खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणायचे, "मासा त्याच्या घरी असतो, लातूरकर. पाहुणे आपण. यजमान भेटला नाही म्हणून पाहुण्यानं जायचंच नाही काय?" मी म्हणायचो, "वर्षानुवर्षं भेटत नसेल तर समजून घ्यावं, तो आतून कडी लावून बसलाय!" सगळी बस हसायची. मामाही हसायचे, पण जरा उशिरा. ते उशिराचं हसणं मला तेव्हा खटकायला हवं होतं. पण कुणालाच खटकलं नाही, कारण आमच्या धंद्यात ते खटकायची सोयच नाही.

प्रेसशॉपमध्ये कुणी बोलत नाही. पत्र्यावर डायचा लोखंडी साचा आदळत असताना घसा फाडून ओरडलात तरी शेजारच्याला फक्त तुमचे दात दिसतात. म्हणून सगळा कारभार हातवाऱ्यांचा. मूठ तोंडाशी नेली की चहा, मिशीवरून बोट फिरवलं की साहेब येतोय, दोन्ही हात कानाला लावून मान कलती केली की मागच्या शिफ्टचा गडी झोपलाय. मामा या भाषेतले पंडित. आणि एक नियम त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवला. मी काहीतरी विचारायला गेलो आणि मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी आधी प्रेस थांबवली, मग वळून माझी कॉलर धरली. बाहेर नेऊन म्हणाले, "मेल्या, चालू प्रेसवरच्या माणसाला मागून हात लावायचा नाही. माणूस दचकतो, आणि दचकला की हात आत जातो. समोरून यायचं. काय समजलास?" समजलो. त्यानंतर मी त्यांच्याकडे कायम समोरूनच गेलो.

एका मे महिन्यात बसमध्ये माझी जीभ फारच सुटली आणि मामा म्हणाले, "मग ये की. डोळ्यांनी बघ." गुरुवारच्या सुट्टीला दोन दिवसांची रजा जोडली आणि गेलो. मी लातूरचा. पाणी म्हणजे टँकर, आणि टँकर म्हणजे हंड्यांची रांग, एवढंच माझं पाण्याचं ज्ञान. समुद्र बघून आधी रागच आला. एवढं पाणी आणि एक घोट पिता येत नाही, हे काय सोंग म्हणायचं!

मामांची बैठक म्हणजे पाण्यात शिरलेला एक काळा खडक. किनारा आणि खडक यांच्यामध्ये एक घळ. ओहोटीला ती कोरडी असते, उतरायचं आणि चढायचं. भरती आली की ती आधी मागच्या बाजूनं भरते आणि परतीची वाट बंद होते. समोरचं पाणी अजून खाली, आणि पाठीमागे मात्र गळ्यापर्यंत, असा तो फसवा मामला. बरं, खडकावर बसलं की घळीचा तळ दिसत नाही, आणि समुद्राला पाठ दाखवून बसायचं नाही, हा मामांच्या चुलत्यानं घालून दिलेला दंडक. मी विचारलं, "मग कळायचं कसं?"

"घळ बोलते. बोलली की उठायचं. गरीला देव लागलेला असला तरी उठायचं."

"आणि घड्याळ?"

"तिथी बघून भरतीची वेळ मी सांगेन तुला. पण वाऱ्याला तिथी कळत नाही. या दिवसांत पावसाआधीचा आगोटीचा वारा पाणी कधीही आत लोटतो. घळ मात्र खोटं बोलत नाही."

"पण बोलते म्हणजे कशी?"

"कळतं रे! न कळायला काय झालं?"

इथंच सगळी माती झाली. त्यांना वाटलं, ही काय सांगायची गोष्ट आहे? ज्याचं बालपण त्या खडकावर गेलं त्याला तो आवाज म्हणजे आईची हाक. मला कसं कळणार?

बसलो. ऊन असं की डोक्यावर तवा ठेवावा आणि भाकरी टाकावी. मामांच्या तर्जनीवरून तंगूस पाण्यात गेलेली आणि मामा जागच्या जागी हरवलेले. कितीतरी वेळ काही नाही. मग मागून एक आवाज यायला लागला. डुबुक, डुबुक, मग लांब श्वास ओढल्यासारखा गळळ. आमच्या गल्लीत टँकर रिकामा होताना शेवटी पाइप असाच वाजतो. मला तर गावाची आठवण आली, बरं वाटलं. म्हटलं, "मामा, मागं काय वाजतंय हो?" उत्तर नाही. म्हटलं, माणूस मग्न आहे. पुन्हा विचारलं. नाही. तेवढ्यात त्यांच्या बोटाला ओढ लागली, ते गुडघ्यावर उठले आणि दोरी ओढायला लागले, आणि मी वेड्यासारखा ओरडलो, "मासा! मामा, मासा!" मागचा आवाज आता थांबला होता. आता मागे नुसतं पाणी होतं, आणि पाणी भरलं की घळ बोलत नाही.

पाठीवर फवारा बसला तेव्हा मी वळलो. आलो ती वाट नव्हतीच. पांढरं पाणी घळीत शिरत होतं आणि ओढून बाहेर जात होतं. मी मामांचा दंड धरला. ते वळले, आणि त्यांचा तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. पाणी बघून घाबरलेला चेहरा नव्हता तो. पाणी आलंच कसं, असा चेहरा होता.

मासा दोरीसकट पाण्यात गेला. मला पोहता येत नाही, हे मी तेव्हा सांगितलं. मामांनी डोक्याचा नॅपकिन काढून माझ्या मनगटाला आणि स्वतःच्या मनगटाला बांधला आणि कानाशी ओरडले, "पाणी आत येताना चालायचं नाही. बाहेर ओढताना चालायचं नाही. मध्ये दम खातं ना, तेव्हाच पाय टाकायचा!" उतरलो. पाणी छातीला. ढकललं तर दोघं खडकाला चिकटायचो, ओढलं तर दोघं खडकाला चिकटायचो, आणि मधल्या त्या एका दमात एकच पाऊल. खडकावरच्या कालवांच्या शिंपल्यांच्या धारांनी माझी नडगी सोलून निघाली, ते मला वाळूवर पोचल्यावर कळलं. लातूरच्या सगळ्या देवांची नावं मी त्या घळीत घेतली. एवढ्या पाण्यात मरायचं होतं तर टँकरच्या गावात जन्म तरी कशाला दिलास, असंही एकाला विचारलं.

वाळूवर मामांनी मनगटाची गाठ सोडली. मग मामा माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "बोलली होती काय रे?"

"कोण?"

"घळ."

मी तो आवाज तोंडानं काढून दाखवला. "हे असं? हे तर मघापासून चाललं होतं. मी विचारलं तुम्हाला. दोनदा विचारलं."

मामा खाली बसले. त्यांनी एका कानावर तळवा ठेवला, काढला, दुसऱ्या कानावर ठेवला, काढला. प्रेसशॉपनं त्यांचे कान कधी नेले, हे त्यांना स्वतःलाही नीट कळलं नव्हतं. तिथं सगळेच हातांनी बोलतात, बहिरा कोण आणि धडधाकट कोण, कसं कळावं? ज्याला घळीची भाषा येत होती त्याला ती ऐकू येत नव्हती, आणि ज्याला ऐकू येत होती तो टँकर समजून खूश होता. असे आम्ही दोन शहाणे त्या खडकावर बसलो होतो. मामा एवढंच म्हणाले, "मामीला सांगू नकोस."

मामीला काय सांगायचं! कासारवाडीच्या घरी माझी नडगी बघताच त्या माउलीनं सगळं ओळखलं. "टीव्हीचा आवाज खाली रिक्षास्टँडपर्यंत जातो यांच्या. मला कसलं लपवताय?" मग मामांच्या समोर उभी राहून, एकेक शब्द ओठांनी नीट घडवत म्हणाली, "यापुढे तिकडे जायचं बंद." मामा त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी अर्धी भाकरी. चौथ्या दिवशी मामी माझ्याकडे आली आणि पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, "भाऊ, तुम्ही सोबत जात असाल तर जाऊ देते. यांचे कान आता तुम्हीच."

असा मी खलाशाचा कान झालो. माझी बायको म्हणाली, तुमचं डोकं फिरलंय. बरोबरच होतं तिचं. पण दर मे महिन्यात जायचो. मामा समोर तोंड करून, मी त्यांच्या मागे, घळीकडे कान लावून. ज्या माणसानं मागून हात लावल्याबद्दल माझी कॉलर धरली होती, त्यानंच आता सांगितलं, "मागून खांद्यावर थाप मार. मी विचारणार नाही. उठेन." मिळायचं काय? कधी शेंगटी, कधी तळहाताएवढी तांबोशी, बहुतेक वेळा कपाळ. मला तर मासा हवाच नसायचा. तिकडे मामा बोटावर जीव ठेवून बसलेले, इकडे मी कानात जीव आणून बसलेला. कारखान्यात कधी एवढा थकलो नाही. एक लाट जरा वेगळी फुटली तरी हात थाप मारायला उठायचा.

मामा निवृत्त झाले आणि त्याच थंडीत गेले. झोपेत गेले, कासारवाडीतल्या खोलीत. पाण्याचा काही संबंध नाही. मामीनं टीव्ही बंद केला, तरी हे उठले नाहीत, तेव्हा तिला कळलं. मी रडलो. भरल्या शिफ्टमध्ये, प्रेससमोर उभा राहून मोठ्यानं रडलो, आणि कुणाला ऐकू गेलं नाही.

त्याआधीचा उन्हाळा आमचा शेवटचा. वारा आडवा वाहत होता, त्यामुळे मागचे आवाज फाटून यायचे. आणि नेमका त्या दिवशी यजमानानं दार उघडलं. तंगूस अशी खेचली गेली की मामांचं बोट कापलं. मामा उठले, पाय रोवले. पाण्यात एक रुंद तपकिरी पाठ वळलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. "गोब्रा!" मामा ओरडले, "गोब्रा आहे रे! चुलत्यानंतर कुणाला लागला नाही असा!" रक्त मनगटावरून ओघळत होतं आणि माणूस हसत होता. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं वेळेवर हसताना पाहिलं नव्हतं.

आणि मला मागून काहीतरी ऐकू आलं. एकदाच. डुबुक. की वाराच होता? मी श्वास धरला. पुन्हा आलं नाही. पुन्हा आलंसं वाटलं. इकडे मासा हातभर जवळ आला. आणखी थोडा वेळ दिला असता तर खडकावर आला असता. बसमध्ये ज्यांनी ज्यांनी तोंड उचललं होतं, आणि त्यांत सगळ्यांत मोठं तोंड माझं, त्या सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. खात्री नव्हती. देवाशप्पथ सांगतो, खात्री नव्हती. पण माझ्या मनगटाला तो जुना नॅपकिन आवळल्यासारखा झाला आणि मी थाप मारली.

मामांनी वळून पाहिलं नाही. विचारलं नाही. कमरेचा चाकू काढला, दोरी कापली आणि उठले.

घळीत उतरलो. घळ कोरडी ठणठणीत. तळाला खेकडे ऊन खात होते, आमच्या चपला ओल्यासुद्धा झाल्या नाहीत. मामा मधोमध थांबले, खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मामा, मला वाटलं..." बोटाचं रक्त नॅपकिनला पुसत ते म्हणाले, "चल, चहा घेऊ."

कामावर परतलो त्या दिवशी बसमध्ये अलिबागचा म्हणालाच, "काय खलाशी, मिळालं काही? की यंदाही फणस?" मी खिडकीबाहेर तोंड केलं. मामांनी त्याच्या ओठांकडे नीट बघून प्रश्न समजून घेतला आणि पट्टी बांधलेलं बोट वर करून म्हणाले, "मोठा लागला होता. सोडला. घळ बोलली."